वडिलांची नोंद कुठल्या वहीत आहे?

पत्र : माझं माहेर सातारा जिल्ह्यातल्या एका लहान गावात. वडील 2009 साली आषाढीच्या दुसऱ्या दिवशी, बारस सोडून उठले आणि छातीत कळ येऊन कोसळले. शेजाऱ्यांच्या जीपमधून तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तपासून सगळं संपल्याचं सांगितलं. त्याच संध्याकाळी गावी आणून अग्नी दिला. दाखल्याचं तेव्हा कुणाच्या ध्यानातही आलं नाही. आता भावाला जमिनीची वारस नोंद करायची आहे आणि तलाठी मृत्यूचा दाखला मागतात. मी ग्रामपंचायतीत गेले, तर ‘आमच्याकडे नोंद नाही’ एवढंच तोंडी सांगितलं. वर ‘तुम्ही सासरी गेलेल्या, भावाला पाठवा’ असंही म्हणाले. कुणी म्हणतं कोर्टात केस टाकावी लागेल, दोन वर्षं जातील. तालुक्याला एक एजंट भेटलाय. तो 12 हजार मागतो, आठवड्यात दाखला देतो म्हणतो, तारीखही हवी ती टाकून देईन म्हणतो. भाऊ तयार आहे. आईला आणि मला भीती वाटते. काय करू?

उत्तर :

ताई, एजंटला पैसे देऊ नका. आधी एवढं भावाला सांगा, मग पुढचं वाचा.

मी ग्रामसेवक म्हणून नोकरी केली. मृत्यूची नोंदवही वर्षानुवर्षं याच हाताने लिहिली, आणि तुमच्यासारखी माणसं दारात उभी राहिलेली पाहिली आहेत. सगळे एकच म्हणायचे, ‘दाखला मिळत नाही.’ मी विचारायचो, नोंद आहे का? तिथे बोलणं थांबायचं. दाखला म्हणजे वहीतल्या नोंदीची सही-शिक्क्याची नक्कल. वहीत ओळ असेल तर दाखला काही दिवसांत हातात येतो. ओळ नसेल तर आधी ती ओळ कायद्याने लिहून घ्यावी लागते. तुम्हाला अजून यातलं काहीच कळलेलं नाही, कारण शोध फक्त एका वहीत, तोही तोंडी झाला आहे. आणि मला दाट शंका आहे की पाहायची वही दुसरीच असेल.

मृत्यूची नोंद माणूस राहतो त्या गावात होत नसते, जिथे मृत्यू झाला तिथे होते. पुण्याच्या दवाखान्यात गेलेल्या माणसाची नोंद पुण्याच्या महापालिकेत, मग त्याचं घर माण तालुक्यात असो की मेळघाटात. ही एकच गोष्ट ठाऊक नसल्यामुळे माणसं चुकीच्या कार्यालयाच्या पायऱ्या झिजवतात. मृत्यू घरी झाला तर कुटुंबप्रमुखाने कळवायचं. दवाखान्यात झाला तर दवाखान्याच्या प्रमुख डॉक्टरांनी कळवायचं. धर्मशाळेत, वसतिगृहात झाला तर तिथल्या व्यवस्थापकाने. वाहनातून नेताना वाटेत प्राण गेला तर वाहन पहिल्यांदा थांबलं तिथे. तुमच्या वडिलांच्या बाबतीत यातलं नेमकं काय झालं? घरी गेले, जीपमध्ये गेले, की दवाखान्याच्या टेबलावर? त्या दिवशी ते कुणी पाहिलं नसेल, पण त्यावर वही ठरते.

म्हणून दोन ठिकाणी शोध घ्यायचा आहे. पहिलं तुमच्या माहेरची ग्रामपंचायत. दुसरं, आणि माझ्या मते जास्त महत्त्वाचं, तो दवाखाना ज्या हद्दीत आहे तिथली नोंदवही. इथे एक मेख आहे. साधारण 2015 नंतर राज्यात तालुक्याच्या अनेक गावांच्या ग्रामपंचायती जाऊन नगरपंचायती झाल्या. 2009 ची नोंद तेव्हाच्या ग्रामपंचायतीच्या वहीत असेल आणि ती वही आज नगरपंचायतीच्या कपाटात पडून असेल. खिडकीवरचा कर्मचारी संगणकात नाव टाकून ‘नाही’ म्हणेल. त्याचंही खोटं नसतं, कारण जुन्या हाती लिहिलेल्या नोंदी सगळ्याच काही संगणकावर चढलेल्या नाहीत. तुम्ही शांतपणे म्हणा की 2009 ची मूळ वही उघडून पाहा. आणि ‘जुनं रेकॉर्ड नष्ट केलं’ असं कुणी म्हणालं तर ते ऐकून परत येऊ नका. जन्म-मृत्यूच्या नोंदवह्या कायमस्वरूपी जपायच्या असतात, त्या नष्ट करता येत नाहीत. तसं झालंच असेल तर लेखी द्या म्हणावं.

वहीत शोधताना काय पाहायचं, हे कुणी सांगत नाही, म्हणून जरा थांबून सांगतो. नोंदी मृत्यूच्या तारखेप्रमाणे लिहिलेल्या नसतात. जशी खबर येईल तशा एकाखाली एक लावलेल्या असतात. जुलैतला मृत्यू ऑगस्टमध्ये, कधी पुढच्या वर्षीच्या वहीतही सापडतो. म्हणून जुलै 2009 ते डिसेंबर 2010 एवढा काळ मागा. शोधाची फी वर्षागणिक असते आणि ती फारशी नसते. दुसरं, नाव. त्या गोंधळात दवाखान्यात नाव कुणी सांगितलं असेल? जीपवाल्या शेजाऱ्याने सांगितलं असेल, तर त्याच्या तोंडी तुमच्या वडिलांचं जे नाव असेल तेच लिहिलं गेलं असेल. सातबारावर ज्ञानू, मतदार यादीत ज्ञानदेव, आणि अख्खा गाव हाक मारतो नाना, असं आपल्याकडे घरोघरी असतं. त्यामुळे नाव, घरगुती नाव, आजोबांचं नाव, गाव आणि वय असं सगळं लिहून द्या. नाव चुकलेली ओळ वय आणि गावावरून ओळखू येते.

नावाच्या चुकीने काय होतं ते मी जवळून पाहिलं आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका माणसाचा चुलतभाऊ खबर द्यायला आला. त्याने सांगितलेलं हाकेचं नाव मी तसंच लिहून घेतलं, कागद मागितला नाही. मृताच्या बायकोचं निवृत्तिवेतन त्या एका शब्दापायी अडकलं. दुरुस्ती झाली, पण तोवर ती बाई पाच-सहा वेळा तालुक्याला जाऊन आली होती, एकदा तर पायी. तेव्हापासून नाव ओळखपत्रावरून लिहायचं, हा मी स्वतःला घालून घेतलेला नियम होता. तुमची नोंद सापडली आणि नावात अशी चूक निघाली तर घाबरू नका. कायद्याच्या कलम 15 प्रमाणे निबंधकाला पुराव्यावरून दुरुस्ती करता येते. मूळ ओळ खोडत नाहीत, समासात दुरुस्ती लिहून तारीख-सही करतात. निबंधक म्हणजे वेगळा कुणी साहेब नव्हे, गावात ग्रामसेवकच जन्म-मृत्यूचा निबंधक असतो. आता त्या पदाला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात.

तारखेचं बघू. तुम्ही तिथी लिहिलीत ते फार बरं केलंत. बहुतेकांना सालही आठवत नाही. 2009 ची आषाढी एकादशी 3 जुलैला, शुक्रवारी होती. म्हणजे बारस 4 जुलैची, शनिवार. जुनं पंचांग किंवा त्या वर्षीची दिनदर्शिका कुणाकडे असेल तर पडताळून घ्या. वर्षश्राद्धाची तिथी आईंना पाठ असणार, तीही जुळते का पाहा. सगळ्या अर्जांत हीच तारीख जायला हवी. एका कागदावर 4 जुलै आणि दुसऱ्यावर ‘जुलै 2009 मध्ये केव्हातरी’ असं झालं, की पुढे प्रत्येक टेबलावर प्रश्न येतो.

‘तुम्ही सासरी गेलेल्या’ या बोलण्याचा मला रागच आला. जन्म आणि मृत्यू नोंदणी अधिनियम 1969, कलम 17. त्यात लिहिलं आहे की कुणीही व्यक्ती नोंदवहीचा शोध घ्यायला लावू शकते आणि मृत्यूच्या नोंदीचा उतारा मागू शकते. कुणीही. मुलगा की मुलगी, माहेरची की सासरची, असा भेद त्यात नाही. तुम्ही तर त्यांची लेक आहात. पुन्हा जाल तेव्हा वाद घालू नका. लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी विचारलेल्या प्रश्नाला तोंडीच उत्तर मिळतं, आणि ते कुठे दाखवता येत नाही. अर्जावर आवक क्रमांक पडला की उत्तर देणं त्यांना भाग आहे. मृत्यूचा दाखला देणं ही लोकसेवा हक्क कायद्याखालची सेवा आहे. हा कायदा महाराष्ट्रात 2015 पासून आहे. सेवेची मुदत आणि फी कार्यालयाच्या फलकावर लावलेली असायला हवी. मुदतीत काही झालं नाही किंवा अर्ज फेटाळला, तर 30 दिवसांच्या आत पहिलं अपील करता येतं. ग्रामपंचायतीच्या बाबतीत ते पंचायत समितीत गटविकास अधिकाऱ्यांकडे जातं. माझ्या अनुभवात अपिलापर्यंत क्वचितच जावं लागतं. अर्जात या कायद्याचा उल्लेख असला की वही उघडली जाते.

वह्या पाहण्याआधी, किंवा त्याच दिवशी, आणखी एक घर पालथं घाला. तुमचं स्वतःचं. आईंना विधवा म्हणून संजय गांधी निराधार योजनेचे पैसे कधी मिळाले होते का? मिळाले असतील तर त्या अर्जाला वडिलांच्या मृत्यूचा दाखला जोडावा लागला असणार. म्हणजे तेव्हा कुणीतरी, कदाचित गावातल्याच एखाद्या जाणत्या माणसाने, तो काढून दिला असेल आणि तुम्हाला ठाऊकही नसेल. तहसील कार्यालयातल्या त्या शाखेत जुनी फाईल मागा. वडील विकास सोसायटीचे सभासद होते का? त्यांच्या नावावरचं कर्ज किंवा शेअर पुढे भावाच्या नावावर झालं असेल तर सचिवाने काहीतरी कागद घेतला असेल. त्यांचं बँकेचं किंवा पोस्टाचं खातं बंद केलं होतं का? रेशनकार्डावरून त्यांचं नाव कधी आणि कशावरून कमी झालं? हरवलेले दाखले अशा फायलींतून निघालेले मी पाहिले आहेत. झेरॉक्स जरी मिळाली तरी तिच्यावर नोंदणी क्रमांक आणि नोंदणीचं ठिकाण छापलेलं असतं. मग शोध उरतच नाही, सरळ त्या वहीतली ती ओळ.

दवाखान्यातही जा. वडिलांना दाखल करून घेतलं नव्हतं, त्यामुळे भरती रजिस्टरात नाव नसेल. बाह्यरुग्ण किंवा अपघात विभागाच्या रजिस्टरात मात्र असू शकतं. मृतावस्थेत आणलेल्या माणसाची खबर दवाखान्याकडून पोलिसांना जाते, म्हणून त्या हद्दीच्या पोलीस ठाण्यात 4 जुलै 2009 ची अकस्मात मृत्यूची नोंद आहे का, हेही लेखी विचारा. जुनी रजिस्टरं मिळतीलच अशी खात्री मी देत नाही. पण मिळालं तर तो या सगळ्यातला सगळ्यात वजनदार कागद ठरेल, कारण तो त्या दिवशीचा आहे आणि तुमच्यापैकी कुणी तो लिहिलेला नाही.

आता समजा, दोन्ही वह्यांत नोंद नाही. मग काय?

तर त्या दोन्ही ठिकाणांहून ‘नोंद नाही’ हे लेखी घ्या. त्याला अनुपलब्धता प्रमाणपत्र म्हणतात, नमुना 10. अनेकजण हा कागद हाती आला की हताश होतात. उलट, पुढचा सगळा रस्ता या कागदावरून सुरू होतो. नोंद आधी झालेली नाही हे सिद्ध केल्याशिवाय नवी नोंद करायला कुणी परवानगी देणार नाही, नाहीतर एकाच माणसाचा मृत्यू दोनदा लिहिला जाईल.

मृत्यू 21 दिवसांत कळवायचा असतो. ते उलटले तरी मृत्यूपासून 30 दिवसांपर्यंत विलंब शुल्क भरून निबंधकच नोंद करतो. 30 दिवस उलटले पण वर्ष झालं नाही, तर वरच्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. वर्ष उलटलं की आदेश लागतो. कोर्टाचं तुम्हाला ज्यांनी सांगितलं ते चुकीचं बोलले नाहीत, त्यांची माहिती जुनी आहे. पूर्वी हा आदेश प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडून घ्यावा लागायचा, म्हणजे वकील, तारखा, साक्षी. 2023 मध्ये कायदा बदलला आणि 1 ऑक्टोबर 2023 पासून हा अधिकार जिल्हाधिकारी, प्रांत (उपविभागीय अधिकारी) किंवा जिल्हाधिकाऱ्यांनी नेमून दिलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे आला. आपल्या भाषेत सांगायचं तर काम कोर्टातून महसूल कचेरीत आलं. तुमच्या तालुक्यात अर्ज तहसीलदारांकडे द्यायचा की प्रांतांकडे, हे प्रांत कार्यालयात एकदा विचारून घ्या. मृत्यू झाला तो तालुका धरायचा, तुमच्या सासरचा नाही.

हे काम आठवड्यात होणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. जन्म-मृत्यूचे खोटे उशिराचे दाखले निघाल्याच्या तक्रारींमुळे 2025 मध्ये महसूल विभागाने ही पडताळणी बरीच कडक केली. कागद तपासतात, जाहीर सूचना काढून हरकती मागवतात, पोलिसांचा अहवाल घेतात. पोलीस घरी आले तर आईंना आधीच सांगून ठेवा की ही चौकशी आपणच मागितलेली आहे. गावात कुणाला विचारतील तर पोलीस पाटील, शेजारी, जीपवाले, खांदा दिलेली माणसं. 2009 काही फार लांब नाही. यातली बहुतेक माणसं अजून गावात असतील. त्यातल्या दोघा-तिघांचे जबाब तुमच्या बाजूने मोलाचे ठरतील, विशेषतः जे दवाखान्यापर्यंत आले होते त्यांचे.

अर्जासोबत काय जोडाल? दोन्ही अनुपलब्धता प्रमाणपत्रं, दवाखान्याचा किंवा पोलिसांचा कागद मिळाला असेल तर तो, दशक्रियेची पत्रिका किंवा वर्तमानपत्रातली श्रद्धांजली असेल तर ती, वडिलांचं नाव असलेली जुनी मतदार यादी आणि नाव वगळलेली नंतरची यादी, रेशनकार्ड, सोसायटीचा किंवा बँकेचा कागद, सातबारा, तुमची ओळखपत्रं आणि तुमचं स्वतःचं निवेदन. नुसत्या आधारकार्डावर किंवा नुसत्या प्रतिज्ञापत्रावर भिस्त ठेवू नका. वडिलांच्या नावाची वेगवेगळी रूपं कागदोपत्री असतील तर अर्जातच ‘ज्ञानदेव उर्फ ज्ञानू’ अशा तऱ्हेने लिहा, म्हणजे आदेशात आणि पुढे दाखल्यातही तसंच येईल आणि सातबाराशी जुळेल. ही ‘उर्फ’ची काळजी आज घेतलीत तर तलाठ्याच्या टेबलावर तुमचे दोन महिने वाचतील.

आदेश झाला की निबंधक विलंब शुल्क घेऊन नोंद करतो. त्या दाखल्यावर दोन तारखा असतील. मृत्यूची 4 जुलै 2009, नोंदणीची आत्ताची. काहीजणांना नोंदणीची तारीख नवी पाहून दाखल्यात खोट आहे असं वाटतं. तसं काही नाही. दाखला पूर्णपणे ग्राह्य आहे. मृत्यूचं कारण मात्र त्यावर नसेल. ते कायद्यानेच दाखल्यावर छापायचं नसतं, त्यामुळे तेही विचारत बसू नका.

आणि आता तो एजंट. तो नेमकं काय विकतोय ते भावाला समजावून सांगा. 2009 च्या वहीत नसलेली ओळ तो आज ‘आहे’ असं दाखवणार. म्हणजे एकतर जुन्या वहीत मागच्या तारखेने कुणाकडून तरी घुसडणार, नाहीतर वहीत काहीच नसताना नुसता कागद छापून देणार. जन्म-मृत्यूच्या नोंदवहीत बनावटगिरी करण्याला भारतीय न्याय संहितेत सात वर्षांपर्यंत कैद आहे, आणि तो कागद खरा म्हणून वापरणाराही सुटत नाही. वापरणारा कोण असेल? वारस नोंदीच्या अर्जाला जो तो जोडेल तो. तुमचा भाऊ. एजंटचं नाव कुठेच नसेल. हा कागद सातबाराच्या फेरफाराला लागणार, म्हणजे तो फायलीत कायमचा राहणार. उद्या जमीन विकायला काढली, कर्ज घेतलं, किंवा भाऊबंदकीत कुणी बिनसलं, की पहिल्यांदा तोच कागद तपासायला निघेल.

‘तारीख हवी ती टाकतो’ हे वाक्य तर मला सगळ्यात वाईट वाटतं. वारसाहक्कात कोण आधी गेलं आणि कोण नंतर, यावर कुणाला किती वाटा हे ठरतं. तारीख हलवली की माणसांचे हक्क हलतात. भावाच्या मनात तसं काही आहे असं मी म्हणत नाही. त्याला फक्त लवकर मोकळं व्हायचं असेल. पण एवढ्या वर्षांत कुणाला घाई नव्हती, मग आत्ताच्या चार-सहा महिन्यांसाठी आईच्या डोक्यावर हा टांगता प्रश्न कशाला ठेवायचा? त्याला हेच विचारा, भांडू नका.

ऑनलाइन अर्ज करायचा झाला तर संकेतस्थळाचा पत्ता शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ असाच आहे ना ते पाहा. या नोंदणीच्या नावाने हुबेहूब दिसणारी खोटी संकेतस्थळं निघाली आहेत. पैसे घेतात आणि दाखल्यासारखा दिसणारा कागद देतात.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी वारस नोंदीबद्दल दोन शब्द. दाखला मिळाल्यावर तलाठ्याकडे जो अर्ज जाईल त्यात सगळ्या वारसांची नावं द्यायची असतात. आई, भाऊ आणि तुम्ही. त्यानंतर नोटीस निघते, हरकतीला 15 दिवस असतात आणि मग मंडळ अधिकारी फेरफार मंजूर करतात. अर्ज भाऊ करत असेल तरी त्याची प्रत तुम्ही स्वतः वाचा. त्यात ‘मयतास एकच वारस’ असं काही लिहिलेलं नाही ना, ते पाहा. कुणी हक्कसोडपत्रावर सही मागितली तर तो वेगळा विषय आहे. तो दाखल्याच्या गडबडीत उरकू नका. सही करायचीच असेल तर करा, पण शांतपणे, वाचून, नंतर.

या निमित्ताने इतर वाचकांसाठी थोडं. घरात नुकतंच कुणी गेलं असेल तर दहाव्याच्या आत घरातल्या एकाला हे काम सोपवा. खबर 21 दिवसांत द्या. नोंद झाली की सात दिवसांच्या आत एक दाखला खबर देणाऱ्याला विनामूल्य द्यायचा असतो, तो मागून घ्या. सही होण्याआधी नाव ओळखपत्राशी अक्षर-अक्षर जुळवा आणि पाच-सहा प्रती एकदमच काढा. बँक, विमा, निवृत्तिवेतन, सातबारा, प्रत्येकजण मूळ प्रत पाहायला मागतो. आणि ज्यांना 1970 च्या आधी गेलेल्या आजोबा-पणजोबांच्या मृत्यूची नोंद हवी आहे त्यांनी ग्रामपंचायतीत वेळ घालवू नये. 1969 चा कायदा महाराष्ट्रात 1 एप्रिल 1970 ला लागू झाला. त्याच्या आधीच्या गावच्या नोंदी गाव नमुना 14 मध्ये असतात. लोक त्याला कोतवाल बुक म्हणतात, आणि ते तहसीलच्या अभिलेख कक्षात मिळतं. 2023 पासून कुणबी नोंदींच्या शोधासाठी याच वह्या उघडल्या गेल्या. फार जुनी पानं मोडी लिपीत आहेत, ती वाचायला मोडी जाणणारा माणूस बरोबर न्या.

ताई, तुमच्यासाठी अर्जाचा मजकूर खाली देतो. मोकळ्या जागा भरा. तालुक्याच्या अर्जात फक्त वरचं कार्यालय बदला, बाकी शब्द तेच ठेवा.

‘मा. निबंधक (जन्म-मृत्यू), ग्रामपंचायत ……, यांस. माझे वडील ……, घरगुती नाव ……, वडिलांचे नाव ……, राहणार ……, वय अंदाजे …… वर्षे, यांचे निधन दिनांक 4 जुलै 2009 रोजी झाले. जन्म आणि मृत्यू नोंदणी अधिनियम 1969 च्या कलम 17 नुसार जुलै 2009 ते डिसेंबर 2010 या काळातील मूळ मृत्यू नोंदवहीचा शोध घेऊन नोंद असल्यास मृत्यू प्रमाणपत्र, आणि नोंद नसल्यास नमुना 10 मधील अनुपलब्धता प्रमाणपत्र महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम 2015 नुसार ठरलेल्या मुदतीत मिळावे. शोधाचे शुल्क भरण्यास मी तयार आहे. अर्जदार : मृताची मुलगी.’

दोन प्रती काढा. एक त्यांना द्या. दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेऊन ती प्लास्टिकच्या पिशवीत नीट ठेवा. आईंना या फेरीला नेऊ नका, त्यांची गरज लागलीच तर पुढे तहसीलदारांपुढे लागेल. भावाला मात्र बरोबर घ्या. दोन्ही वह्या उघडल्या जातील तेव्हा तो शेजारी उभा असलेला बरा.